‘बंद केलं’ आणि ‘बंद आहे’ : घरातली वीजदुरुस्ती शिकताना

न्हाणीघरातला बल्ब गेला होता आणि होल्डरही जळून काळा पडला होता. मी बटण बंद केलं, स्टुलावर चढले, बल्ब काढला आणि होल्डरच्या आतल्या पिनेला बोट लागलं. कोपरापर्यंत हात झिणझिणला आणि मी स्टुलावरून खाली आले, ती मनगटावर. करंट लागला तो जेमतेम क्षणभर. मनगट मात्र तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

‘अहो, पण बटण तर बंद होतं!’ हे मी नंतर भेटेल त्याला सांगत होते. पुढची कित्येक वर्षं मी बल्बसुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेतला. शेवटी वायरिंगच्या कामाला आलेल्या एका वयस्क वायरमनना हा किस्सा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, ‘बटण बंद होतं ताई, पण न्यूट्रलचं. फेज होल्डरपर्यंत आलेलीच होती.’ फेज म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी. कुणीतरी कधीकाळी बटण चुकीच्या वायरवर बसवलं होतं. बल्ब विझायला दोन्हींपैकी कुठलीही वायर तोडली तरी चालते. माणूस वाचायला मात्र फेजच तुटावी लागते.

‘मी बंद केलं’ ही एक कृती झाली. ‘ते बंद आहे’ ही तपासून कळलेली गोष्ट. घरातली वीजदुरुस्ती शिकायची म्हणजे पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यापर्यंत जाण्याची सवय लावायची. हत्यारं, वायरी, स्क्रू हे सगळं त्यानंतर येतं आणि खरं सांगायचं तर ते फारसं अवघडही नाही.

भीती नेमकी कशाची?

‘करंट मारतो’ एवढंच माहीत असलं की सगळ्याचीच भीती वाटते, प्लास्टिकच्या बटणाचीही. आकडे कळले की भीती जाते असं नाही, पण तिला जागा मिळते.

शरीराला इजा करतो तो शरीरातून वाहणारा प्रवाह. तो मिलिॲम्पिअरमध्ये मोजतात. अर्ध्या ते एक मिलिॲम्पिअरला झिणझिण्या जाणवतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडवत नाही. अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही ‘सुटण्याची मर्यादा’ मोजली होती. पुरुषांत ती सरासरी १६ मिलिॲम्पिअर भरली, स्त्रियांत साधारण साडेदहा. तीसच्या पुढे, जरा जास्त वेळ प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते.

आता घरातल्या २३० व्होल्टचा हिशोब करू. शरीराचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ढोबळमानाने १००० ओहम धरला तर प्रवाह निघतो २३० मिलिॲम्पिअर. धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर. अंग ओलं असेल तर रोध आणखी घटतो. कोरडे हात, रबरी तळव्याची चप्पल आणि कोरडं लाकडी स्टूल यांनी तो वाढतो. पण चप्पल हा आधार आहे, परवाना नव्हे.

याच आकड्यांमुळे एक मोठा गैरसमज दूर होतो. तो एमसीबीबद्दलचा, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणाऱ्या, मुख्य बोर्डातल्या खटक्याबद्दलचा. ‘एमसीबी आहे ना, मग शॉक लागला तर पडेल की!’ नाही पडणार. १६ ॲम्पिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिॲम्पिअर. तुमच्यातून जाणारे दोनशे-अडीचशे त्याच्या खिजगणतीतही नाहीत. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला असतो तो आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही, हे तो सतत तोलत असतो. फरक ३० मिलिॲम्पिअरपर्यंत पोचला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याच्यावर ‘३० एमए’ असं छापलेलं आहे का, ते आधी बघा. १०० किंवा ३०० लिहिलेला असेल तर तो मुख्यतः आगीपासून बचावासाठी आहे. हे उपकरण घरात नसेल, तर बाकी काही शिकण्याआधी ते जाणकाराकडून बसवून घ्या.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका पडायलाच हवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा दाबून पाहा, कारण वर्षानुवर्षं न हललेला खटका अडकू शकतो. आणि त्याची एक मर्यादा लक्षात ठेवा: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आली, तर त्याच्या लेखी तुम्ही एक बल्ब असता. गेला तेवढा प्रवाह परत आला, गळती काहीच नाही, मग तो पडेल कशाला?

पहिला धडा : वही आणि पेन

पहिल्या दिवशी एकही स्क्रू उघडायचा नाही. घरातल्या मुख्य बोर्डासमोर, जिथे एमसीबींची रांग असते तिथे, वही घेऊन उभं राहायचं. घरातले दिवे-पंखे लावून ठेवायचे, एकेक एमसीबी पाडायचा आणि घरभर फिरून काय काय बंद झालं ते लिहायचं. प्रत्येक सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा छोटा दिवा लावून बघायचा. तास-दीड तास लागतो.

मला यात तीन गोष्टी सापडल्या होत्या. बैठकीतला एक सॉकेट चक्क स्वयंपाकघराच्या एमसीबीवर होता. एक एमसीबी पाडल्यावर घरात काहीच बंद होत नव्हतं. आणि मुख्य स्विच पाडल्यावरही दोन पंखे आरामात फिरत होते, कारण ते इन्व्हर्टरवर होते. ही शेवटची गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. इन्व्हर्टर किंवा सौर यंत्रणा असलेल्या घरात ‘मेन बंद केला’ याचा अर्थ ‘वीज नाही’ असा होत नाही. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणावर बंद करावा लागतो, त्याची प्लग-पिनही काढावी लागते, आणि तरीही तपासावं लागतं.

यादी झाली की प्रत्येक एमसीबीखाली चिठ्ठी चिकटवा. ही चिठ्ठी म्हणजे तुमची पहिली दुरुस्ती.

हत्यारं थोडीच, पण धड

इन्सुलेशन असलेले दोन स्क्रू ड्रायव्हर (एक चपटा, एक चौफुलीचा), इन्सुलेटेड पक्कड, वायर सोलायचा स्ट्रिपर, चांगली पीव्हीसी टेप, बॅटरी आणि एक डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, रोध वगैरे मोजायचं यंत्र). बॅटरी डोक्याला बांधायची मिळाली तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. मल्टिमीटरवर ‘कॅट थ्री’ किंवा निदान ‘कॅट टू’ असा सुरक्षेच्या श्रेणीचा शिक्का आहे ना, ते पाहून घ्या. वायरी सुरीनं किंवा दातांनी सोलू नका. तांब्याचे दोन-चार केस तुटतात आणि वायर तिथेच बारीक होते.

टेस्टरबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण घरोघरी सगळा भरवसा त्याच्यावरच असतो. टेस्टरच्या पोटात एक मोठा रोध आणि निऑनचा इवला दिवा असतो. टोक फेजला आणि बोट मागच्या टोपीला लागलं की तुमच्या शरीरातून अगदी क्षीण प्रवाह जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे दिवा पेटायला तुम्ही त्या वाटेचा भाग असावे लागता. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं राहिलात तर तो इतका मंद लागेल की दिसणारच नाही. भर उन्हातही दिसत नाही. आणि आतला रोध खराब झालेला टेस्टर तर घातकच.

सांगायचं एवढंच, की टेस्टर पेटला तर वीज आहे हे खरं. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, हे खरं धरायचं नाही.

मल्टिमीटरचंही एक वेड आहे. नुसत्या लोंबणाऱ्या, कशालाही न जोडलेल्या वायरीवर तो कधीकधी तीस-चाळीस-साठ व्होल्ट दाखवतो. शेजारच्या चालू वायरीमुळे तसं होतं. नवशिके घाबरतात. असा अर्धवट आकडा दिसला तर काम थांबवा आणि तो कुठून येतोय हे जाणत्याला विचारा. ‘भुताचा व्होल्टेज असेल’ म्हणून स्वतःच निकाल लावू नका. दुसरी खबरदारी: मल्टिमीटरची लाल वायर ‘ॲम्पिअर’च्या भोकात ठेवून सॉकेटमध्ये टोकं घालू नका. त्या भोकात मीटर जवळजवळ सरळ तारेसारखा वागतो आणि जोरदार शॉर्ट होतो. व्होल्टचं भोक, एसी व्होल्टची सर्वांत वरची पट्टी, मगच हात पुढे.

वीज नसलेला बोर्ड

भीती घालवायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या खेळण्याचा. लाकडाच्या फळीवर एक बटण, एक तीन पिनांचा सॉकेट आणि एक होल्डर बसवा. याला वीज कधीही जोडायची नाही. दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास यावर हात चालवायचा.

वायरीचं साधारण ८ ते १० मिलिमीटर टोक सोला. बारीक तारांची वायर असेल तर पीळ द्या, टर्मिनलमध्ये घाला, स्क्रू आवळा आणि मग वायर ओढून बघा. सुटली तर पुन्हा करा. उघडं तांबं टर्मिनलबाहेर दिसत असेल तर पुन्हा. स्क्रू वायरीच्या प्लास्टिकवर आवळला गेला असेल तरी पुन्हा. ही चूक वरून दिसत नाही आणि पुढे तीच वायर जाळते. मग मल्टिमीटर ‘बीप’वर लावा (दोन टोकांमधली वाट जोडलेली असली की तो वाजतो) आणि एक टोक फेजच्या सुरुवातीला, दुसरं होल्डरच्या पिनेला ठेवा. बटण दाबल्यावर बीप आणि सोडल्यावर शांतता मिळाली, की तुमचं बटण योग्य वायरवर बसलंय.

आता मुद्दाम बटण न्यूट्रलवर जोडून बघा. फेजपासून होल्डरपर्यंत बीप वाजतच राहतो, बटण कसंही असो. माझं मनगट मोडलं ते या बीपपायी. तेव्हा तो ऐकवणारं यंत्र हातात नव्हतं, इतकंच.

बंद असल्याची खात्री : दर वेळी, याच क्रमाने

हा क्रम मी भिंतीवर लिहून ठेवला होता. आता पाठ झालाय, तरी तोंडाने पुटपुटत करते. घरातले हसतात, हसू देत.

१. घरातल्या सगळ्यांना सांगा की काम चालू आहे. अंगठी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली साखळी काढा. हात कोरडे करा.

२. ज्यावर काम करायचं ते उपकरण किंवा दिवा आधी चालू करा. चालू असलेली वस्तू आपल्या डोळ्यांदेखत बंद होणं हा पहिला पुरावा.

३. त्या भागाचा एमसीबी पाडा. शिकाऊ असाल तर सरळ मुख्य स्विचच पाडा आणि इन्व्हर्टरही बंद करा. एमसीबीवर टेप लावा आणि ‘काम चालू, हात लावू नका’ अशी चिठ्ठी. चांगल्या मनाने कुणीतरी येऊन खटका वर करतं, हे फार वेळा होतं.

४. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो २३०च्या आसपास दाखवतो हे पाहा. सगळं घर बंद करणार असाल, तर हे खटका पाडण्याआधी उरकून घ्या.

५. मग कामाच्या जागी मोजा. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग (गळती झालेली वीज जमिनीत नेणारी वायर), न्यूट्रल आणि अर्थिंग. तिन्ही जोड्या. तिन्हीत शून्य हवं.

६. पुन्हा चालू सॉकेटवर जाऊन मीटर अजून शाबूत आहे हे बघा. सगळं घर बंद असेल तर यासाठी मुख्य स्विच क्षणभर वर करून परत पाडावा लागेल. तसं केलंत तर कामाच्या जागी पुन्हा एकदा शून्य मोजा. कंटाळवाणं आहे, पण बॅटरी संपलेला मीटरही शून्यच दाखवतो.

वायरींचे रंग या क्रमात कुठेच नाहीत. जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. नव्या वायरींत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. शिवाय जुन्या थ्री-फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेज असत. त्यामुळे एका घरातली निळी न्यूट्रल असते, तर दुसऱ्यातली निळी फेज. त्यातून वायर संपली म्हणून हाती लागेल त्या रंगाची ओढणारे असतातच. रंग पाहून अंदाज बांधावा. विश्वास मीटरवर.

पहिलं खरं काम : प्लग-टॉप बदलणं

सुरुवात इथूनच करा, कारण वस्तू भिंतीपासून सुटी करून टेबलावर घेता येते. पिन सॉकेटमधून बाहेर आहे हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे मनही शांत राहतं.

प्लग उघडल्यावर आधी मोबाइलवर फोटो काढा. मोठ्या, जाड पिनेला अर्थिंगची वायर जाते. सॉकेटच्या तोंडासमोर उभं राहिलं आणि मोठं भोक वर असलं, तर उजवं भोक फेजचं, डावं न्यूट्रलचं. प्लगकडे पिनांच्या बाजूने बघितलं तर डावं-उजवं उलटतं. आतल्या पिनांजवळ छापलेली अक्षरं वाचून जोडा.

अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. उद्या कुणी दोरी खेचली तर आधी फेज-न्यूट्रल सुटाव्यात आणि अर्थिंग शेवटी. वायर स्क्रूभोवती गुंडाळायची असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते. बारीक तारांच्या टोकांना डाग देऊन घट्ट करायचा मोह होतो, करू नका. डागाचं कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. शेवटी दोरी धरून ठेवणारी पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर आवळा, आतल्या बारीक वायरींवर नको. झाकण लावण्यापूर्वी एकही तार बाहेर डोकावत नाही ना, हे उजेडात धरून बघा.

अर्थिंगची पिन तोडून तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवलेला मी पाहिलाय. इस्त्रीचा पत्रा उद्या फेजला लागला, तर त्या पिनेअभावी प्रवाह तुमच्या हातातून वाट शोधेल.

ढिला स्क्रू : निम्म्या तक्रारींचं मूळ

बटणातून चर्रर्र आवाज, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडणं, प्लग हातात गरम लागणं, माशासारखा उग्र वास. माझ्या अनुभवात यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी ढिली जोडणी निघाली.

का गरम होतं, ते बघण्यासारखं आहे. ३००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण १३ ॲम्पिअर घेतो. ढिल्या जोडणीचा रोध अर्धा ओहम असेल, तर तिथे होणारी उष्णता १३ गुणिले १३ गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास ८५ वॉट. डाग द्यायची इस्त्री २५ वॉटची असते आणि ती कथील वितळवते. इथे तिच्या तिपटीहून जास्त उष्णता, भिंतीतल्या बंद डबीत. एमसीबीला यात काहीच वावगं दिसत नाही, कारण प्रवाह तर १३ ॲम्पिअरच आहे.

म्हणून सॉकेट किंवा बटण बदलताना: बंद असल्याची खात्री, फ्रेम काढणं, फोटो, मग एकेक वायर सोडवून नव्याच्या त्याच टर्मिनलला. सगळ्या वायरी एकदम सोडवू नका. काळी पडलेली, कडक झालेली टोकं चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. वायर अपुरी पडत असेल तर ताणून बसवू नका. अशी ताणलेली वायर पुढे निसटते. आवळा, ओढून बघा, पुन्हा आवळा. ६ ॲम्पिअरच्या सॉकेटच्या जागी १६चा बसवून गीझर लावायची हौस मात्र नको. सॉकेट मोठा झाला तरी भिंतीतली वायर होती तेवढीच बारीक राहते. दिव्यांना १ किंवा दीड चौरस मिलिमीटरची वायर चालते, १६ ॲम्पिअरच्या सॉकेटला निदान अडीचची लागते.

बसवून झाल्यावर खटका वर करून मोजा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थिंग जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थिंग दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थिंगमध्ये शून्य किंवा भलताच आकडा आला तर अर्थिंग पोचलेलंच नाही. हे तुमच्या बोर्डाच्या पलीकडचं दुखणं असू शकतं. इथे वायरमन बोलवा.

पंखा गुणगुणतो, फिरत नाही

बटण दाबल्यावर नुसता ‘हंऽऽ’ आवाज येतो, पातं काठीने ढकललं की फिरायला लागतं, किंवा पाचवर ठेवूनही दोनसारखा फिरतो. अशा वेळी बहुधा कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो.

इथे पहिला सापळा रेग्युलेटरचा. शून्यावर ठेवला म्हणजे पंखा थांबला, एवढंच. वीज तुटली असं नव्हे. एमसीबीच पाडायचा आणि वर दिलेला पूर्ण क्रम करायचा. शिडी लाकडी किंवा फायबरची घ्या, ॲल्युमिनियमची नको, आणि खाली धरायला माणूस ठेवा.

कंडेन्सर बहुतेक पंख्यांत दांडीपाशी, वाटीत असतो. त्यात थोडा साठा उरू शकतो. अडीच मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरातला साठा जीव घेण्याइतका नसतो, पण दचकवायला पुरतो आणि शिडीवर दचकणं म्हणजे काय, ते मला सांगू नका. इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याने त्याची दोन्ही टोकं क्षणभर जोडा, की तो रिकामा होतो.

नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा पाहून तोच घ्या. छताच्या पंख्यात बहुधा २.५ असतो, काहींत ३.१५ किंवा ४. व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त. जास्त मायक्रोफॅरड टाकून पंखा पळवायचा सल्ला मिळेल. त्याने वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं. कंडेन्सरच्या दोन टोकांत उलटसुलट असं काही नसतं, पण ती मोटरच्या ज्या दोन वायरींना होती तिथेच जायला हवीत आणि फेजही पूर्वीच्याच वायरीला. ती अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो आणि खाली वारा लागत नाही. म्हणून फोटो. नवा घालूनही नुसता गुणगुणत असेल, तर बेअरिंग किंवा वाइंडिंग. तिथून पुढे कारागिराकडे.

खटका सारखा पडतो तेव्हा

आरसीसीबी पडतोय आणि वर राहत नाही: सगळे एमसीबी खाली करा आणि घरातल्या सगळ्या पिना सॉकेटमधून काढा. आरसीसीबी वर करा. एकटा असताना राहिला, तर एमसीबी एकेक करून वर न्या. ज्याच्यासरशी पडेल त्या भागात दोष. सगळे वर गेले, तर पिना एकेक लावत जा. दोषी उपकरण स्वतःच हात वर करील. गीझर, पाण्याचा पंप, इस्त्री हे नेहमीचे संशयित, कारण जिथे पाणी आणि उष्णता तिथे इन्सुलेशन लवकर झिजतं. एखादा एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकतो, कारण पुष्कळ ठिकाणी एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलीच राहते. तसं झालं तर थांबा.

आणि एक मजेदार दोष. एका खोलीतले दिवे लागत नाहीत, टेस्टर मात्र सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. ‘दोन्हीकडे फेज कशी?’ न्यूट्रल कुठेतरी तुटलेली असते आणि बटण चालू असलेल्या दिव्या-पंख्यामधून फेज पलीकडच्या वायरीत आलेली असते. त्या खोलीतली सगळी बटणं बंद करून पिना काढल्या की एका भोकातला उजेड जातो. ‘न्यूट्रलला हात लावला तर काय होतंय’ म्हणणाऱ्यांना हा दोष मी नेहमी सांगते.

इथे हात थांबवा

मीटर, कटआउट (मीटरजवळचा मुख्य फ्यूज) आणि मीटरपासून मुख्य स्विचपर्यंतची वायर, कारण ती तुमच्या कुठल्याच खटक्याने बंद होत नाही. ओली भिंत. मायक्रोवेव्हच्या आतलं काहीही, त्यातल्या कंडेन्सरवर हजारो व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते टिकू शकतात. नवीन वायरिंग ओढणं. त्याला बहुतेक ठिकाणी कायद्यानेच परवानाधारक लागतो. फ्यूजमध्ये जाड तार घालणं ही तर दुरुस्तीच नव्हे. आणि दमलेले, घाईत किंवा एकटे असाल तेव्हा कुठलंही काम नको.

कुणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं तर आधी मुख्य स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर किंवा माणूस दूर करा, हाताने नाही. रुग्णवाहिका बोलवा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहा, मदत येईपर्यंत. हे आधी कुठेतरी प्रत्यक्ष शिकून घेतलेलं असावं. बोर्डातून धूर किंवा आग दिसली तर पुरवठा तोडा आणि पाणी मारू नका. शॉकनंतर छातीत धडधड, चक्कर किंवा भाजल्याची खूण असेल, तर वरून बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जा.

वायरमन बोलवायची वेळ आली, की ‘लाइट नाही’ एवढंच सांगू नका. कुठल्या एमसीबीवरचा भाग, खटका पडला की नाही, पडला तर एमसीबी की आरसीसीबी, काय लावल्यावर पडला, सॉकेटवरचे तीन आकडे किती आले, हे वहीतून वाचून दाखवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, ‘न्यूट्रल लिंकचा स्क्रू ढिला असणार. मेन खाली ठेवा, येतो मी.’